घड्याळात दहा हजार पावलं, आणि पोटरी अजून मार्केटच्या वाटेवरच अडते

या वेळचं पत्र आपल्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून आलंय, एका सुनेचं. थोडं कापून देते:

"ताई, माझे सासरे, अप्पा, ६८ वर्षांचे. शुगर बरीच वर्षं आहे, बीपीची गोळी चालू, सिगारेट दोन वर्षांपूर्वी सोडली (मावा अजून चालू आहे, घरात कुणाला माहीत नाही असं त्यांना वाटतं). चालायला लागले की उजवी पोटरी आवळून येते, थांबले की दोन-तीन मिनिटांत ठीक. खंडेराव मार्केटला भाजीला जाताना चारदा थांबतात आणि कुणी ओळखीचं दिसलं तर दुकानातली भांडी बघतोय असं दाखवतात. डॉक्टरांनी डॉपलर केलं, उजव्या पायाचा एबीआय ०.६८, डाव्याचा ०.८४. गोळ्या दिल्या आणि म्हणाले रोज चाला, दुखेपर्यंत चाला. सासूबाई म्हणतात दुखताना चालवलं तर पायच जाईल. नणंदेनं कॅनडाहून स्मार्टवॉच पाठवलं, तिला तिकडे मोबाईलवर पावलं दिसतात, दहा हजार झाली नाहीत की फोन येतो. मग अप्पा रात्री गॅलरीत हळूहळू येरझारा घालून कोटा पूर्ण करतात. दोन महिने झाले, दहा हजार होतात पण मार्केटला जाताना तसेच चारदा थांबतात. परवा मी गंमत म्हणून ते घड्याळ हाताला बांधून पुरणयंत्रातून चक्का काढला, तर माझी बसल्या जागी दीडशे पावलं झाली! शिवाय ऑक्सिजन ९७ दाखवतंय, मग पायाला रक्त कमी कसं? शेजारच्या काकूंनी त्यांचे व्हेरिकोजचे टाइट मोजे दिलेत, ते घालायचे का? रात्री पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी देतो. आणि ते टीव्हीवर दाखवतात ते पाय हलवायचं मशीन घ्यावं का?"

अगं, तुझ्या श्रीखंडानं अर्धं उत्तर देऊनच टाकलंय. घड्याळ मनगटावर असतं, ते मनगटाची हालचाल बघतं आणि त्यावरून अंदाज बांधतं की माणूस चालत असावा. पाय कसा आहे, पोटरीत किती रक्त गेलं, अप्पा दुखायच्या आधी थांबले का नंतर, यातलं त्याला काही म्हणजे काही कळत नाही. आणि याच्या उलटही होतं बरं का, हातात भाजीची पिशवी असली किंवा माणूस अगदी सावकाश चालत असला की खरी पावलं ते गाळून टाकतं. म्हणजे तुझा चक्का मोजला आणि अप्पांची मार्केटची फेरी मोजलीच नाही, असंही झालं असेल.

आधी सासूबाईंचं बघू कारण घरात तेच मोठं भांडण दिसतंय. त्यांची भीती चुकीची आहे असं तोंडावर म्हणू नकोस, कोणालाही तसंच वाटेल, आपल्याकडे दुखतंय म्हणजे आराम हेच शिकवलंय. पण हे दुखणं वेगळं आहे. पायाच्या धमनीत चरबी साठून वाट अरुंद झालीये, बसल्यावर पोटरीला लागतं तेवढं रक्त त्या अरुंद वाटेनं पुरतं, चालायला लागलं की पोटरीची मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो, मग स्नायू ओरडायला लागतो. थांबलं की मागणी कमी, दुखणं बंद. म्हणून त्यांना दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं. या ओरडण्यानं पोटरी खराब होत नाही, पाय जात नाही. उलट असं वारंवार थोडं थोडं ओरडवलं की काही आठवड्यांत स्नायू मिळालेल्या रक्तातून जास्त काम काढायला शिकतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारतं, चालही सुधारते. धमनीतला अडथळा विरघळत नाही हं, ते आधीच सांगून ठेवते, कारण तीन महिन्यांनी एबीआय परत काढला आणि आकडा तसाच आला तर अप्पा म्हणतील फुकट चाललो. आकडा तोच आणि चालणं दुप्पट, असं होऊ शकतं.

एबीआय म्हणजे काय ते डॉक्टरांनी घाईत सांगितलं नसेल बहुतेक. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, बस. दंडावर १४० असेल तर ०.६८ म्हणजे घोट्यापर्यंत ९५ च्या आसपास पोचतंय. ०.९० किंवा त्याखाली आलं की पायाच्या धमन्यांचा आजार धरतात. शुगर जुनी असली की कधीकधी धमन्या इतक्या कडक होतात की पट्ट्यानं दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटाच मोठा येतो, १.४० च्या वर, तेव्हा मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं. अप्पांच्या बाबतीत तसं नाहीये, त्यांचा आकडा आणि पोटरी दोघं एकच गोष्ट सांगतायत.

आता ऑक्सिजन ९७. हा प्रश्न मला खूप जण विचारतात, कोविडपासून सगळ्यांना तो आकडा पाठ झालाय. अगं टाकीतलं पाणी स्वच्छ आहे म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला प्रेशर आहे असं होत नाही ना! ९७ म्हणजे फुप्फुसांनी रक्तात ऑक्सिजन नीट भरला. ते रक्त उजव्या पोटरीत किती पोचलं हे मनगटावरून कळत नाही. तो आकडा चांगला आहे, आनंद माना आणि पायाच्या हिशोबातून काढून टाका.

आणि दहा हजार. हा आकडा कुठल्या डॉक्टरानं पायाच्या पेशंटसाठी ठरवलेला नाहीये, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातच दहा हजार होतं, तिथून तो जगभर चिकटला. धडधाकट माणसाला चालायला लावायला ठीक आहे. पण अप्पांच्यासारख्याला त्याचा तोटाच होतो, कारण दहा हजार पूर्ण करायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे दुखणार नाही इतकं सावकाश चालणं, गॅलरीत, रात्री, पाच पावलं इकडे पाच पावलं तिकडे. त्यांनी अगदी शहाण्या माणसासारखं तेच शोधून काढलं! नणंदेनं मागितलं ते दिलं त्यांनी. पोटरीला मात्र एकदाही काम पडलं नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत डॉ. मेरी मॅकडर्मॉट म्हणून आहेत, त्यांनी आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी याच आजारावर, घरी चालण्याच्या व्यायामावर, वर्षानुवर्षं काम केलंय. २०१८ मध्ये त्यांनी २०० पेशंटवर केलेला अभ्यास छापला, अर्ध्यांना पावलं मोजणारा पट्टा आणि फोनवर कोच, अर्ध्यांना नेहमीचंच. नऊ महिन्यांनी सहा मिनिटांत कोण किती चालतं ते मोजलं, तर पट्टावाले काही पुढे गेले नव्हते. मग २०२१ मध्ये दुसरा, ३०५ लोकांचा, वर्षभराचा. यात एका गटाला सांगितलं दुखेल अशा वेगानं चाला, दुसऱ्याला सांगितलं आरामात चाला, दुखवू नका, तिसऱ्याला व्यायाम नाहीच. दोन्ही चालणाऱ्या गटांना अंगावर बांधायचं यंत्र होतं, दोघांना कोचचे फोन होते. वर्षानंतर दुखवून चालणारे सहा मिनिटांत सरासरी जवळजवळ ३५ मीटर जास्त चालायला लागले. आरामात चालणारे? सुरुवातीपेक्षा सहा-एक मीटर कमीच, व्यायाम न करणाऱ्यांच्यात आणि त्यांच्यात म्हणावा असा फरक नाही. यंत्र तेच, फोन तेच, फरक फक्त दुखण्याचा. तुझ्या घरी चाललंय तो हा दुसरा गट आहे बघ.

तर करायचं काय. पण त्याच्या आधी एक अट, अप्पांच्या हृदयाची तपासणी झालीये का ते विचार. पायाच्या धमन्या अशा असल्या की हृदयाच्याही बऱ्याचदा असतात, आणि पोटरी लवकर थांबवते म्हणून छातीला कधी ताण पडलेलाच नसतो. चालणं वाढलं की ते बाहेर येऊ शकतं. ईसीजी, इको, डॉक्टर म्हणतील ते करून घ्या आणि त्यांना स्पष्ट विचारा, दुखेपर्यंत चालायला परवानगी आहे ना. मी फिजिओथेरपीवाली, गोळ्या आणि हृदय हा त्यांचा प्रांत.

परवानगी मिळाली की दुखण्याचं माप ठरवा. मी पेशंटना आण्यात सांगते, जुन्या माणसांना पटकन समजतं. काही नाही म्हणजे शून्य. पोटरी जाणवायला लागली, चार आणे. आवळली पण बोलत बोलत चालता येतं, आठ आणे. आता बोलणं सुचत नाही, थांबावंसं वाटतं, बारा आणे. पाऊल पुढे पडतच नाही, रुपया. अप्पांनी बारा आण्याला थांबायचं. चार आण्याला नाही (आत्ता ते तिथेच थांबतात, भांड्याच्या दुकानापाशी), आणि रुपयापर्यंत ओढायचंही नाही, मर्दपणा दाखवायचा नाहीये कुणाला. थांबायचं, उभं राहायचं किंवा बसायचं, दुखणं पूर्ण शून्यावर येऊ द्यायचं, आणि परत चालायला लागायचं. परत बारा आणे, परत थांबा. असं विश्रांती धरून पहिले काही दिवस अर्धा तास, मग हळूहळू पाच-पाच मिनिटं वाढवत ४५-५० मिनिटांपर्यंत. आठवड्यातून निदान तीन दिवस, जमलं तर पाच. बारा आठवडे तरी करायचंच, त्याच्या आधी निकाल मागायचा नाही. पुढे जेव्हा दहा-दहा मिनिटं चालूनही बारा आणे येईना, तेव्हा वेग वाढवायचा, किंवा थोडा चढ घ्यायचा.

जागा. दांडिया बाजारातल्या गल्लीत दुचाक्या आणि हातगाड्यांमधून चालताना माणूस पोटरीमुळे थांबला का रिक्षामुळे तेच कळत नाही, आणि पायाखाली खड्डा. रिक्षानं कमाटीबागेत जा सकाळी. सपाट आहे, सावली आहे, आणि मुख्य म्हणजे बाकं आहेत, या आजारात बाक म्हणजे अर्धं औषध. सयाजीरावांनी १८७९ मध्ये ही बाग लोकांसाठी केली त्याबद्दल मी दर आठवड्याला मनात त्यांचे आभार मानते. एकच रस्ता ठरवा, रोज तोच, म्हणजे तुलना करता येते, कालपर्यंत दुसऱ्या बाकापाशी थांबायचे आज तिसऱ्याला पोचले असं. मे महिन्यात सात वाजल्यानंतर नको, वडोदऱ्याचं ऊन तुला माहितीये, आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला पाणी कमी पडलं की चक्कर येते. पावसाळ्यात बागेऐवजी मॉल चालेल, एसीत सपाट फरशीवर पाहिजे तेवढं चाला, खरेदी नाही केली तरी कोणी काढत नाही. तेही नसेल तर जिन्याचा कठडा धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतून उठबस करायची, रिकामा दिवस जाण्यापेक्षा बरं.

घड्याळ फेकून द्यायचं नाहीये, फक्त त्याची नोकरी बदलायची. पावलांचा कोटा सेटिंगमधून बंद कर किंवा आकडा अगदी कमी करून टाक. अप्पा चालायला लागले की चालण्याचा वर्कआउट चालू, थांबले की पॉज, परत निघाले की परत चालू. घरी आलं की दोनच गोष्टी वहीत, पहिल्यांदा बारा आण्याला पोचायला किती मिनिटं लागली, आणि विश्रांती सोडून एकूण किती मिनिटं चाललं. एवढंच. झोपेचा स्कोअर, कॅलरी, स्ट्रेस, ते काय काय दाखवतं त्याच्याकडे बघू नका. नाडीच्या आकड्यावर पण वेग ठरवू नका, बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, मग घड्याळ म्हणेल तुम्ही मेहनत करत नाही आणि इकडे माणूस घामाघूम. वापरण्यासारखं अजून एक, तासभर बसून राहिलं की ते हाताला थरथरतं ना, ते चालू ठेवा, आणि पडल्यावर फोन लावायची सोय त्या मॉडेलमध्ये असेल तर ती पण चालू करून नंबर तुझा टाक, कॅनडाचा नको.

महिन्यातून एकदा सहा मिनिटांची परीक्षा घ्या. बागेत एक सरळ पट्टा धरा, तीस मीटरचा असेल तर उत्तम, तुझी मोठी पावलं टाकून माप आणि दोन टोकांना खूण ठेव. घड्याळात सहा मिनिटं लावा, अप्पांनी जमेल तेवढं अंतर कापायचं, मध्ये थांबले तरी वेळ चालूच. फेऱ्या मोजा. घड्याळातल्या जीपीएसवर विसंबू नका, झाडाखाली आणि छोट्या फेऱ्यांत ते वाट्टेल ते सांगतं, खडूची खूण आणि नातवाची मोजणी जास्त खरी.

आता नणंद. तिच्यावर चिडू नकोस, लांब राहिलेल्या मुलीला बापासाठी काय करू कळत नाही तेव्हा ती आकडा धरते. खरं तर तुमच्याकडे अभ्यासातला कोच फुकट आहे, आणि ती तीच आहे. अगदी २०१३ मध्ये याच मंडळींच्या एका अभ्यासात पेशंट आठवड्यातून एकदा गटात भेटायचे, पुढच्या आठवड्याचं ठरवायचे, अडचणी बोलायचे, आणि चालायचं मात्र आपापल्या घरी, त्या लोकांचं सहा मिनिटांचं अंतर बाकीच्यांपेक्षा पन्नास मीटरच्या वर पुढे गेलं. कोणीतरी ठरलेल्या दिवशी विचारतं आणि पुढचं ठरवून देतं, याचा फरक पडतो. म्हणून तिला सांग, रोजचा फोन बंद, रविवारचा एक फोन. पावलं किती हे विचारायचं नाही. विचारायचं, या आठवड्यात किती दिवस बारा आण्यापर्यंत गेलात, कुठल्या बाकापर्यंत पोचलात, कुठला दिवस चुकला आणि का, पुढच्या आठवड्यात काय. आणि अप्पांना वही समोर धरून उत्तर देऊ दे, तू मध्ये बोलायचं नाही. ते खोटं बोलतील पहिले दोन रविवार, चालू दे.

मावा. हे घड्याळ कधी दाखवणार नाही आणि पत्रात तू कंसात टाकलंस पण मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. सिगारेट सोडली हे त्यांचं कौतुकच, साठीनंतर ती सुटणं सोपं नसतं. पण माव्यात तंबाखू आहेच, निकोटिन आहेच, आणि निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. ज्या धमनीतून आधीच थोडंसं जातंय ती अजून आवळायची आणि मग बागेत जाऊन तिच्याकडून काम मागायचं, काय अर्थ आहे. गुपित राहू देऊ नका, डॉक्टरांना सांगा, सोडवायला च्युइंगम आणि गोळ्या आहेत, समुपदेशन आहे. आणि फिरायला जायचा रस्ता पानाच्या गल्ल्यावरून जाणारा नको, हे तू बघ.

मोजे आजच काकूंना परत दे. व्हेरिकोजमध्ये रक्त पायातून वर चढत नाही म्हणून बाहेरून दाब देतात, अप्पांच्याकडे खालीच कमी उतरतंय, त्यावर बाहेरून अजून आवळलं तर कातडीला इजा होऊ शकते, जखम होऊ शकते. काकूंचा हेतू चांगला पण दोन वेगळे आजार आहेत. डॉक्टरांनी एबीआय बघून स्वतः सांगितलं तरच, नाहीतर नाही.

गरम पाण्याची पिशवी पण बंद. शुगरमुळे पायाची जाणीव बऱ्याचदा कमी झालेली असते, पिशवी किती गरम आहे ते कळत नाही, भाजतं, आणि कमी रक्ताच्या पायावर भाजलेलं भरायला महिने लागतात. सैल लोकरीचे किंवा सुती मोजे घाला, पांघरूण घाला. रोज रात्री तू किंवा सासूबाई, कुणीतरी एकानं, दोन्ही पाय उजेडात बघायचे, तळवे, टाचा, बोटांच्या मध्ये. चीर, फोड, लाल ठिपका, काळसर डाग. नखं अप्पांनी चष्म्याशिवाय कापायची नाहीत. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण नवरात्र आलं की आपल्या वडोदऱ्यात सगळेच गरब्याच्या मैदानावर चपला काढून उतरतात आणि अप्पांना कुणीतरी हात धरून ओढणारच. बाजूला खुर्चीवर बसून टाळ्या वाजवू देत, बूट घालून.

जाणीव कमी असण्याचा अजून एक घोटाळा, अशा माणसाला बारा आणे उशिरा कळतात किंवा कळतच नाहीत. त्यांच्या तळपायाची जाणीव तपासली नसेल तर पुढच्या वेळी तपासून घ्या. कमी निघाली तर दुखण्यावर नाही तर मिनिटांवर चालायचं, ते ठरवायला जवळचा फिजिओ गाठा, एकदोनदा समोर चालवून बघेल.

काय झालं तर थांबायचं ते नीट वाच. चालताना छातीत दुखलं, दम घुसमटला, चक्कर आली, तर बस्स, बसवा आणि डॉक्टर. पोटरी ऐवजी रात्री झोपेत पाऊल ठणकायला लागलं आणि पलंगावरून खाली लोंबकळवलं की बरं वाटतं असं झालं, किंवा बोटावरची जखम दोन आठवड्यांत भरत नाही, तर चालण्याचा व्यायाम बाजूला ठेवा आणि व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनकडे लगेच जा, आजार पुढच्या पायरीवर गेलाय. आणि एकाएकी पाय पांढरा पडला, गार पडला, जोरात दुखायला लागला, बधिर झाला किंवा हलवता येईना, तर सकाळची वाट बघू नका, तेलबिल चोळू नका, १०८ लावा, त्या वेळी हिशोब तासांचा असतो.

गोळ्या चालू ठेवायच्या, रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, शुगरची, बीपीची. चालणं सुधारलं म्हणून अप्पा परस्पर एखादी बंद करतील, मी त्यांच्या वयाचे खूप बघितलेत, तर डबा तू भर.

राहिलं ते मशीन. ते बसल्या बसल्या पाय हलवतं, बरं वाटतं, झोप येते, ठीक आहे. पण पोटरीनं स्वतः काम केलं पाहिजे हेच तर सगळं औषध आहे, आणि मशीन नेमकं तेच काम तिच्याकडून काढून घेतं. एकदा दिवाणखान्यात आलं की अप्पा बाग सोडून त्याच्यावर पाय ठेवून बातम्या बघणार, लिहून देते. त्या पैशात चालायचे चांगले बूट घ्या, पुढून रुंद, आत शिवण टोचणार नाही असे, बंद घालता येतील असे, आणि दोन-तीन जोड सुती मोजे, पांढरे घे म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात, सकाळी बरोबर बसलेला जोड रात्री चावतो.